उजव्या गालावरचा ठिपका

आमच्या आष्ट्याच्या घरात, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, माझ्या नवऱ्याच्या, कपिलच्या, पहिल्या बायकोचा फोटो आहे. बारा बाय पंधरा इंच, काळा-पांढरा. तिचं नाव आम्रपाली. १९९१ साली ती काविळीनं गेली आणि दोन वर्षांनी मी फलटणहून या घरात आले.

फोटो फार दाणेदार आहे. जवळ गेलं की चेहरा नाहीसा होतो, रवा सांडल्यासारखे करडे ठिपके उरतात. चार पावलं मागं सरलं की त्यांतून एक बाई वर येते. मान किंचित कललेली, खांद्यावरून पुढं घेतलेली वेणी. ती कुणाकडं बघते ते कळत नाही. आलेलं माणूस तिथं थबकतंच.

"जुन्या शिनेमातली नटी जनू," शेजारच्या अंबूबाई म्हणतात.

माझ्या सासूबाई, आक्काताई, पदरानं काच पुसतात. "व्हय गं. तशीच हुती माजी पोर."

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. दाणे म्हणजे फिल्मवरच्या चांदीच्या कणांचे पुंजके. लहानसा चेहरा फार मोठा केला की चेहऱ्यापेक्षा पुंजकेच जास्त दिसतात. आम्रपालीच्या लग्नात चुलतदिरांनी कॅमेऱ्यात घातलेला रोल चक्राच्या दातांत अडकलाच नव्हता. छत्तीसच्या छत्तीस फोटो कोरे निघाले. ती गेल्यावर कुणीतरी सांगितलं की तिच्या कॉलेजच्या श्रमदान शिबिराचा ग्रुप फोटो सांगलीच्या लालासाहेबांनी काढला होता. त्यांच्याकडं निगेटिव्ह सापडली. तीत तिचा चेहरा मसुरीच्या डाळीएवढा. त्याचा हा फोटो. म्हणजे लोक बघतात ती निव्वळ चांदी. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. उपयोग झाला नाही.

माझ्या लग्नाचे रंगीत फोटो चौऱ्याऐंशी आहेत. त्यांत सगळं स्वच्छ दिसतं, नाकाशेजारचा कांजिण्यांचा व्रणसुद्धा. तो अल्बम कपिलनी दोनदा उघडला असेल. तिच्यासमोर मात्र ते रोज सकाळी ऑफिसला निघताना उभे राहत. मी स्वयंपाकघरातून घड्याळ लावून बघितलं आहे. कमीत कमी चाळीस सेकंद, एकदा तर तीन मिनिटं. माझ्याकडं तीन मिनिटं कुणी कधी बघितलेलं नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सांगलीची एस.टी. धरली. लालासाहेबांचा स्टुडिओ हळदीच्या पेठेमागं आहे. मी कोण, ते सांगितलं.

"माझा फोटो काढायचाय. आम्रपालीचा आहे ना, तसाच. दाणे असलेला."

"आवं बाई, दानं नकोत म्हनून लोक भांडत्यात माझ्याशी!" ते हसले. "तसा काढत न्हाईत, तसा हुतो. एवढुसा चेहरा, त्यात फास्ट फिल्म, तिचं दानं मोठं. फोटो मोठा करायचं मशीन भिंतीकडं वळवून छापला, तवा कुठं तेवढा झाला."

"मग मला लांब उभी करा. घाटावर, बायकांच्या घोळक्यात. आणि तेवढाच चेहरा मोठा करा."

"लय हौस हाय की! आनि मालक काय म्हनतील?"

"ते माझं मी बघीन."

चेहरा किती लहान होता ते पटवायला त्यांनी आतून ती निगेटिव्ह आणली. मी ती ट्यूबलाइटसमोर धरली. मुलांच्या मागं 'श्रमदान शिबिर' अशी पाटी होती. पाटी सुलट वाचता येईल अशी धरली, तर आम्रपालीची वेणी डाव्या खांद्यावर होती. आमच्या घरी ती उजव्या खांद्यावर आहे. मी निगेटिव्ह पालथी केली. अक्षरं उलटी झाली आणि घरातली आम्रपाली समोर आली.

"लालासाहेब, हा फोटो उलटा छापलाय. आरशातल्यासारखा."

त्यांनी बघितलं, मान खाजवली. "च्यायला, व्हय की. फिल्म पालथी बसली आसंल. नुसता चेहरा, त्यात एवढं दानं, कळनार कसं? दुसरा काढून देऊ का? पैसं नकोत."

"विचारून सांगते," मी म्हटलं आणि निघाले. माझा फोटो काढायचा राहूनच गेला. एस.टी.त खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं की मी हसते आहे. सगळं घर जिची काच पुसतं, तशी बाई कधी नव्हतीच. आणि हे फक्त मला माहीत होतं.

आठ दिवस मी ते जपलं. पुढच्या रविवारी कपिल फोटोसमोर उभे होते. मला राहवेना.

"काय बघता हो एवढं रोज?"

ते दचकले. मग म्हणाले, "ती सापडत नाही यात."

"म्हणजे?"

"आई म्हणते तशीच होती. सगळेच म्हणतात. मला वाटत नाही. तिच्या डाव्या गालावर तीळ होता, नीलिमा. इथं उजव्या गालावर कायतरी काळं दिसतंय. रोज बघून बघून आता मलाच कळेना, डावा होता का उजवा. चार वर्षांत माणूस असं विसरतं?" ते बाजूला सरले. "तू विज्ञानातली. बघ बरं, हा तीळ आहे का?"

मी काचेला नाक लावलं. दाण्यांचे पुंजके वेडेवाकडे असतात. हा ठिपका गोल होता, कडा जुळलेल्या. तीळच होता तो, उलट्या छपाईनं उजवीकडं आलेला. एका फेरीत सांगलीहून सुलट फोटो आणता आला असता. मग ती आहे तशी या घरात आली असती आणि कपिल तिथून हलले नसते.

"दाणा आहे," मी म्हटलं. "चांदीचा. जुन्या फिल्मवर असतात असे."

"नक्की?"

"नक्की."

विज्ञानातलं मी सांगितलेलं या घरात कुणी तपासत नाही. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"मग माझंच बरोबर. डावाच होता. हसली की वर सरकायचा." त्यांनी डोळे मिटले आणि तसेच हसले. ते हसू मी आजवर बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून ते फोटोसमोर थांबत नाहीत. जेवताना मध्येच भाकरीचा तुकडा हातात राहतो आणि डोळे मिटतात. "भाजी वाढू का?" असं मी दोनदा विचारते, तेव्हा कुठं ते माझ्याकडं बघतात.