पऱ्हाटीचं छत

दिपाली बोबडे पऱ्हाटी मागायला दिग्रसजवळच्या तांड्यावर गेली तेव्हा मार्च संपत आला होता. कापसाची शेवटची वेचणी होऊन लोकांनी वावरं मोकळी करायला घेतली होती. उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग बांधावर पडले होते. थोडी चुलीसाठी घरी न्यायची, बाकीची तिथंच पेटवायची. दिपाली मारेगावच्या शेतकऱ्याची मुलगी. या धुरानं तिचे डोळे लहानपणापासून चुरचुरले होते. आता ती यवतमाळच्या एका कॉलेजात जैवतंत्रज्ञानात पीएचडी करत होती आणि तिचं सगळं काम या पऱ्हाटीवर होतं. पऱ्हाटीची कुट्टी करून तिच्यात एका जातीची अळिंबी वाढवली, की तिचे पांढरे तंतू कुट्टीला आतून घट्ट बांधतात. साच्यातून काढून वाळवलं की थर्माकोलसारखी हलकी फळी हाती येते.

पाणी मागायला ती अंगणवाडीपाशी थांबली. एकच खोली, वर टिन. संगीता आडे ही सेविका पोरांना घेऊन बाहेर लिंबाखाली बसली होती. मदतनीस बिजलीबाईंनी तांब्या आणून दिला.

"पोरायले आत काहून नाई बसवत, मावशी?"

"तू बस दोन मिनिटं. मंग इचार."

दिपाली आत गेली. तिच्या पिशवीत तापमापक होता. दुपारच्या एक वाजता तो त्रेचाळीसवर गेला, आणि अजून एप्रिल लागायचा होता. बाहेर येऊन, कॉलेजात कुणाला न विचारता, ती बोलून गेली, "पावसाळ्याच्या आधी मी या टिनाखाली फळ्या लावून देते."

बिजलीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि रिकामा तांब्या परत घेतला.

दिपालीनं तीस फळ्या वाढवल्या. वीस हिरव्या बुरशीनं खाल्ल्या. उरलेल्या दहा तिनं पंख्याखाली दोन दिवस वाळवल्या, कारण प्रयोगशाळेच्या भट्टीत एवढी मोठी फळी मावत नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं त्या अर्ध्या खोलीवर बसवल्या. तांड्यातल्या लोकांनी चहा पाजला, कुणीतरी फोटो काढले.

ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली. पाचव्या दिवशी संगीताचा फोन आला. "ताई, येऊन पाहा. फळ्यायले अळिंबीचे कान फुटले. सकाळी दोन खाली पडल्या. पोरं आली नव्हती, कोणाले लागलं नाई."

मार्गदर्शक सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रबंधाला प्रयोगशाळेतली मापं पुरतात. तो तांड्याचा नाद सोड." ते रागावले नव्हते. तिची तीन वर्षं वाया जाऊ नयेत, एवढंच त्यांना वाटत होतं.

दिपालीनं दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. दारव्ह्यापर्यंत ती माफीची वाक्यं जुळवत होती. पोर खाली असतं तर, हा विचार आला की सगळी वाक्यं मोडत होती.

अंगणवाडीत पोचली तर तांड्यातल्या बायांनी उरलेल्या फळ्या उतरवून कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. पर्यवेक्षिका येऊन गेल्या होत्या. संगीतानं त्यांना फळ्या कुणी लावल्या, कशा पडल्या, सगळं सरळ सांगितलं होतं. "पुढच्या डाव फळ्या नीट तपासल्याशिवाय वर काही चढवणार नाई, असं मी लिहून देल्लं," ती म्हणाली.

"पुढच्या डाव?" दिपालीनं विचारलं.

"मंग? आता सोडून देता का?"

बिजलीबाई एक तुकडा हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तो नखानं खरवडला, वास घेतला. "वरून कोरडी हाय, आत कच्ची. तुले मालूम होतं का?"

दिपाली त्यांच्यासमोर खाली बसली. हे तिनं सरांनाही सांगितलं नव्हतं. "होतं, मावशी. मले घाई झालती."

बिजलीबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत की समजूतही घातली नाही. त्यांनी दुसरा तुकडा उचलला. "आन् हे हिरवं?"

"ते तं येतेच. कुट्टीले पिंपात वाफ देतो, तरी मधात कुठंतरी राहून जाते. निम्म्याच्या वर माल फेकाव लागते."

"त्या भितीकडं पाह्य." बिजलीबाईंनी बोट दाखवलं. झडीनं भिंत ओली झाली होती. पोळ्याआधी त्यांनी तिला चुन्याचा पोचारा मारायला घेतला होता, पण हात पोचला तिथपर्यंतच. वरचा भाग हिरवा-काळा पडला होता, खालचा पांढरा होता. "चुना हाय तिथं बुरशी नाई. तुह्या कुट्टीले चुन्याच्या पाण्यात बुडवून पाह्यलं का कधी?"

नव्हतं पाहिलं. चुन्यानं आपली अळिंबीही मरेल असं दिपाली धरून चालली होती. वाफेचं पिंप समोर तयार होतं, म्हणून दुसरीकडे बघायची गरज वाटली नव्हती.

पुढचे चार महिने ती चुन्याच्या पाण्यात हात घालून होती. पाणी कडक झालं की अळिंबी धरत नसे, पातळ झालं की हिरवी बुरशी जिंके. डिसेंबरात प्रमाण सापडलं. एक दिवस बुडवायचं, रात्रभर निथळू द्यायचं, मग अळिंबीचं बियाणं मिसळायचं. कुट्टी भरलेल्या पन्नास पिशव्यांतल्या सत्तेचाळीस पांढऱ्याशुभ्र झाल्या. नंतर वाचताना तिला कळलं, की गव्हाच्या काडावर अळिंबी घेणारे कुठेकुठे असंच करतात. तिनं तेही प्रबंधात लिहिलं. पण तिला ते सांगितलं होतं बिजलीबाईंनी.

मार्चमध्ये तिला पऱ्हाटी मागावी लागली नाही. बायांनी भारे बांधून ताडपत्रीखाली ठेवले होते. बिजलीबाईंचे यजमान फुलसिंग यांनी फळांच्या जुन्या खोक्यांचे साचे ठोकले आणि घरातली एक खोली रिकामी करून दिली. दिपाली आठवड्यातून तीन दिवस तिथंच राहू लागली. सकाळी बिजलीबाई तिच्या ताटात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढत आणि विचारत, "आज किती पांढरं झालं?"

भट्टीचा प्रश्न उरला होता. तो एप्रिलच्या उन्हानं सोडवला. फुलसिंग अंगणवाडीच्या टिनावर चढले, फळ्या पसरल्या, वर काळं प्लास्टिक अंथरलं. खाली तापमापक सरकवला तर भर दुपारी पारा अडुसष्टवर. रोज एक फळी खाली घेऊन दिपाली वजन करी. आठव्या दिवशी वजन उतरायचं थांबलं. तरी तिनं आणखी चार दिवस थांबायचं ठरवलं. कुणी घाई केली नाही. मग बिजलीबाईंनी माती आणि चुना कालवून दोन्ही बाजूंनी लेप दिला, आणि बाभळीच्या पट्ट्या मारून फळ्या चढल्या. या खेपेला पूर्ण खोलीवर.

मेच्या मध्यात बाहेर पंचेचाळीस होतं. शेजारच्या टिनाच्या खोलीत सत्तेचाळीस, अंगणवाडीत एकोणचाळीस. दिपालीनं आकडा तीनदा तपासला. तिला फरक कमीच वाटत होता. संगीतानं मात्र लिंबाखालची सतरंजी उचलून आत अंथरली. खिचडी खाऊन पोरं आडवी झाली आणि तासभर उठली नाहीत. बिजलीबाई भांडी न वाजवता बाहेर नेऊन घासत होत्या. दिपाली दाराशी उभी राहून पाहत होती. तिला रडू येत होतं आणि कुणाला दिसू नये म्हणून ती वहीत काहीतरी लिहीत राहिली.

तो पावसाळा गेला. एकाही फळीला कान फुटला नाही.

जानेवारीत कॉलेजात तिचं शेवटचं सादरीकरण झालं. संगीता आणि बिजलीबाई सकाळच्या गाडीनं यवतमाळला आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पऱ्हाटीला चुन्याची प्रक्रिया द्यायची कल्पना तुम्हाला कुठल्या शोधनिबंधातून मिळाली?"

"निबंध नंतर सापडला, सर. आधी त्यांनी सांगितलं." तिनं मागच्या रांगेकडे हात केला.

सगळे वळले. परीक्षकांनी बिजलीबाईंना दोन शब्द बोलायची विनंती केली. त्या उठल्या, पदर सारखा केला. "मले काही येत नाई. भित पाह्यली तं सांगतलं. ह्या पोरीच्या फळ्या पडल्या तवा ती तोंड लपवून बसली नाई. वापस आली आन् कच्च्या होत्या म्हणाली. म्हणून मी बोलली. नाईतं कायले बोलली असती?"

त्या बसल्या. टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या. चहाच्या वेळी सर दिपालीजवळ आले. "मी तुला नाद सोड म्हणालो होतो," ते म्हणाले. "बरं झालं, ऐकलं नाहीस." मग ते स्वतः दोन कप घेऊन मागच्या रांगेकडे गेले.

बसस्थानकावर गाडीला वेळ होता. दिपालीनं प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान काढून वाचून दाखवलं. त्यात तांड्यातल्या अकरा बायांची नावं होती, बिजलीबाईंचं सगळ्यात वर.

"घरच्याचं हाय का?"

"हाय, मावशी. फुलसिंगभाऊंचं पण हाय."

"त्यायले वाचून दाखवजो. त्यायले लय आवडते." बिजलीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. "तुह्या मायले सांगजो, पोर चांगली वाढवली म्हणून."

दिग्रसची गाडी लागली. संगीतानं पुढं धावून खिडकीतून रुमाल टाकला आणि जागा धरली. बिजलीबाई पायरी चढता चढता वळल्या. "मार्चात लवकर ये. औंदा बायायले आपापल्या घरी फळ्या लावायच्या हायेत. अकरा घरं होतात."