सुईचं नेढं

दोऱ्याचं टोक पुन्हा नेढ्याला चाटून बाजूला गेलं. तिनं ते ओठांत धरून ओलं केलं, पिळलं, सुई खिडकीकडे धरून हात लांब केला — तरी नेढ्याच्या जागी नुसता चकाकता डाग. दोरा भिकार, उजेड मेला, बॅगेचं कापड जाड... नाचता येईना अंगण वाकडं, आई म्हणाली असती. पण आई शेजारच्या खोलीत पडल्या पडल्या मावशीला फोनवर सांगत होती, "धाकटी चाललीय परदेशी. गरिबांचे डोळे तपासायला. पगार कसला, सेवा म्हणून." आणि थोरली? थोरली तिच्या बॅगेचा उसवलेला पट्टा शिवतेय. हे कुणी फोनवर सांगत नाही.

डोळे तपासण्याच्या त्या शिबिराची बातमी घरात आणली ती थोरलीनं. लोकांनी दिलेले जुने चष्मे साबणानं धुऊन, पुसून, नंबराप्रमाणे लावले ते दोघींनी मिळून — मग आई पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि घरी कुणीतरी राहायला हवं असं सगळेच म्हणाले. 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. तिनंही नाही. तीच म्हणाली, तू जा गं... आणि धाकटी 'तू नाहीस तर मीही नाही' म्हणेल म्हणून थांबली. धाकटी एवढंच म्हणाली, "नक्की ना, ताई?"

आता ती दारात उभी होती. "ताई, बस ना जरा. सराव करू दे."

समोरच्या भिंतीवर वाचता न येणाऱ्यांसाठीचा तक्ता. तीन पायांची चिन्हं. पाय जिकडे वळलेत तिकडे हात करायचा. थोरलीला सगळं लख्ख दिसत होतं. पाय उजवीकडे होते, तिनं डावीकडे हात केला. वर होते, खाली केला. धाकटी भिंगं बदलत राहिली, गोंधळली, आणि थोरलीला कसं गार गार वाटलं. सख्ख्या बहिणीला कुणी असं पाण्यात पाहतं का... पाहतं.

मग धाकटीनं हातात जवळचं वाचायचं, बारीक अक्षरांचं कार्ड दिलं. इथे खोटं बोलायची वेळच आली नाही. कार्डावर मुंग्या फिरत होत्या.

धाकटीनं पिशवीतला एक चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. धुतलेल्यांपैकीच, कुणा अनोळखी माणसाचा. "आता दिसतंय?"

"नाही," ती म्हणाली, आणि मान वर केली. वीतभर अंतरावर बहिणीचा चेहरा होता. खालचा ओठ चावून सोललेला. डोळ्यांखाली काळं. हे कधीपासून?

"मला जमतच नाहीये, ताई," धाकटी हळू म्हणाली. "तिथे रांग लागेल माणसांची. मी चुकीचे चष्मे वाटून येईन. आईला सांगू नकोस."

हेच तर हवं होतं. हाच पडलेला चेहरा... पण इतक्या जवळून, इतका स्पष्ट नको होता. मत्सर जागचा हलला नव्हता, फक्त त्याची गोडी गेली होती.

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "पुन्हा घे. लांबचं, पहिल्यापासून."

धाकटीनं तक्त्यावर पट्टी ठेवली. पाय उजवीकडे होते. थोरलीनं हात उचलला, आणि तो कुठे न्यायचा हे तिचं अजून ठरत नव्हतं.