हत्तीकडून उघडायची वही

अरे, आधी ऐका तर. मधी बोलू नका, न्हाई तर मी इसरते. मी एक जुनी चित्रांची वही हाय. पण मला आजी म्हणू नका. माझ्या पोटात वाघ हाय, आगगाडी हाय, जहाज हाय, आणि त्यातलं एकही अजून म्हातारं झालं न्हाई. एक कोपरा शेळीनं खाल्लाय आणि हत्तीचा एक कान फाटलाय, बाकी मी ठणठणीत.

मित्रांनो, मी जन्मले तवा माझ्यात चित्रं नव्हती. निजामाचं राज होतं. तालुक्याच्या कचेरीत सगळा कारभार उर्दूत चालायचा आणि मी तिथलं एक जाडजूड रजिस्टर होते. लाल कापडाची पाठ, पहिल्या पानावर कचेरीचा गोल शिक्का, आत काळ्या शाईच्या ओळी. उर्दू उजवीकडून डावीकडं लिहितात ना, म्हणून मी पण उजव्या अंगानं सुरू व्हायचे. म्हणजे जिथं तुमचं मराठी पुस्तक संपतं तिथं माझं पहिलं पान. हे नीट समजून घ्या बरं, कारण पुढचा सगळा घोळ ह्याच्यावरूनच झाला.

अर्धी भरले, तोवर एका पावसाळ्यात माझ्यावर कौलातून पाणी गळलं. कारकून म्हणाला, "हे आता रद्दीत टाका." आणि मी गेले रद्दीत. तिथून ताडकळसच्या बाजारात बन्सीधर शेटजीच्या कापडाच्या दुकानात. शेटजीला पुड्या बांधायला कागद लागायचा. पण माझा कागद इतका जाड की त्याची पुडीच वळायची न्हाई. मी कोपऱ्यात नुसतीच पडून.

तिथं चतुराबाई आली. जवळच्याच गावातली, थोडी कोरडवाहू जमीन, सात-आठ शेळ्या, असं घर. त्या काळात गिरणीच्या कापडाच्या प्रत्येक ठाणावर एक रंगीत चित्र चिकटवलेलं असायचं. कुणी हत्ती लावायचं, कुणी मोर. ठाण संपलं की शेटजी ते चित्र फाडून खाली टाकायचा. चतुराबाईची नजर बरोबर त्याच्यावर.

"शेटजी, ते चित्र मला द्या की."

"चित्राचं काय करतीस, बाई? लुगडं घे."

"लुगडं हाय की अंगावर. चित्र लेकीला पाहिजे."

"लेक काय चित्र नेसणार हाय?"

"न्हाई हो. तीन वर्षाची हाय, पण दिवसभर इचारीत राहती. हे काय, ते काय. मला तिला सांगायला काहीतरी पाहिजे."

शेटजी हसला, पण चित्र दिलं. मग प्रत्येक बाजाराला ती यायची, कधी एक चित्र न्यायची, कधी दोन. एके दिवशी शेटजीनं मला उचललं आणि तिच्या पाटीत टाकलं. "हे बी घेऊन जा. ह्याच्यावर चिकटव. माझ्या तर कामाचं न्हाई."

तुम्हाला काय सांगू, त्या दिवशी मी पहिल्यांदा बाईच्या डोक्यावर बसून गावाला गेले.

घरी गेल्यावर तिनं ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी तिच्यात घातलं. तिला अक्षर येत नव्हतं, घरात कुणालाच येत नव्हतं. मग माझं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हे कसं कळणार? तिनं मला दोन-चारदा उलथीपालथी केली आणि ठरवलं, ज्या बाजूला शिक्का ते तोंड. तिथं शिक्क्यावरच तिनं हत्ती चिकटवला. मग पुढं मोर, वाघ, आगगाडी, जहाज, असं करत करत अगदी शेवटाला पाळण्यातलं लेकरू.

आणि मग तिनं त्या चित्रांची गोष्ट केली. हत्तीच्या गळ्यातली घंटी हरवती. तो मोराला इचारतो, मोर म्हणतो मी न्हाई बघितली. वाघाला इचारतो, वाघ म्हणतो मी झोपलो होतो. मग हत्ती आगगाडीत बसतो, मग जहाजात बसतो, आणि शेवटाला बघतो तर घंटी पाळण्यावर टांगलेली, लेकरू तिच्या आवाजानं झोपलेलं. हत्ती मुकाट्यानं माघारी येतो. संपली गोष्ट.

तिची लेक भिवरा. सगळे तिला भिवराबाई म्हणायचे, एवढीशी होती तरी. मला उघडायच्या आधी हात धुवायचे, असा माईचा नियम होता. चित्रातल्या वाघाचे पट्टे मोजायला चिंचोके मांडायचे. ताटात राख पसरून बोटानं मोर काढायचा. मोडला की ताट हलवायचं, पुन्हा कोरं. कशालाही एक पैसा लागायचा न्हाई.

सगळ्यात मजा यायची ती सणाच्या दिवशी, शेताला सुट्टी असली की. भिवराचा बाप आश्रुबा हत्ती व्हायचा, गुडघ्यावर रांगत. त्याची आई, म्हणजे आजी दगडाबाई, आगगाडी. तिनं पूर्णेला एकदाच गाडी बघितली होती, पण शिट्टी अशी मारायची की शेळ्या दावं तोडायच्या. जहाज कुणीच बघितलं नव्हतं. मग चतुराबाई म्हणायची, "गंगेच्या पल्याड अजून एक लय मोठी गंगा हाय, तिच्यावरचं हे घर." आणि भिवराला सुपात बसवून अंगणभर ओढायची.

"सूप फाटंल गं," आजी म्हणायची.

"फाटू द्या आत्याबाई, जहाज हाय ते."

असं दीड-दोन वर्षं चाललं. शेळीनं कोपरा खाल्ला तो त्याच दिवसांत. मला अंगणात ठेवून भिवरा पाणी प्यायला गेली होती. मी ओरडू शकत न्हाई ना, हाच तर वहीचा वांधा.

मग गावात मुंजाजी मास्तर आले. मारुतीच्या देवळाच्या ओसरीत त्यांनी मराठी शाळा मांडली. बारा पोरं, बाराही पोरगेच. चतुराबाईनं इचारलं, माझ्या लेकीला घेता का. मास्तर म्हणाले, "पाच वर्षाची? घेऊन या सोमवारी. काय येतं बघतो. काही येत नसंल तर पुन्हा आणू नका."

आश्रुबा वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. पण दगडाबाईचे गुडघे गेले होते, शेळ्यामागं कुणीतरी पाहिजे होतं. तो म्हणाला, "मास्तरनं घेतली तर जाईल शाळंत. न्हाई घेतली तर मंगळवारपासून शेळ्यामागं. मग मला पुन्हा इचारायचं न्हाई."

चतुराबाई म्हणाली, "न्हाई इचारणार."

तिला वाटलं, आपल्या लेकीला तर सगळं येतं. भ्यायचं कशाला?

आणि शनिवारी आला चंद्रभान. आश्रुबाचा धाकटा भाऊ, परभणीला एका दुकानात कामाला, घराण्यात तेवढ्या एकालाच वाचता यायचं. त्यानं मला हातात घेतलं आणि आपल्या सवयीनं उघडलं. तर आधी पाळणा. मग जहाज, मग आगगाडी.

"वहिनी, हे काय करून ठेवलंय?"

"कामून, काय झालं भाऊजी?"

"उलटं शिकवलंय तुमी पोरीला. हे उर्दू रजिस्टर. आपलं पुस्तक ह्या अंगानं उघडतं. मास्तरसमोर पोरगी शेवटाकडून उघडंल आणि तो म्हणंल, हिला पुस्तक धरता येत न्हाई."

"दोन वर्षं झाली हो."

"मग दोन वर्षं उलटी गेली," चंद्रभान म्हणाला, आणि हसला. तो चेष्टेनंच म्हणाला. पण चतुराबाई हसली न्हाई. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

तो गेल्यावर तिनं मला पुढ्यात घेतलं, फडकं ओलं केलं आणि हत्तीवर ठेवलं. तिला सगळी चित्रं काढून उलट्या क्रमानं लावायची होती. पण तिचीच खळ, इतकी पक्की की कागद सुटंना. हत्तीचा कान फाटला. मला दुखलं का? खरं सांगू, मला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तिनं फडकं पिळून बाजूला ठेवलं आणि भिवराला हाक मारली.

"हे बघ, मास्तरसमोर हिकडून उघडायचं. पाळण्याकडून."

"हिकडून शेवट हाय, माय."

"आता हाच पहिला."

"मग गोष्ट?"

"ती पण हिकडूनच सांगायची."

भिवरानं इचार केला. "हिकडून सांगितलं तर लेकराची घंटी जाती."

चतुराबाईला हसू आलं, त्या दिवसातलं पहिलं. "जाऊ दे. मास्तरपुरती जाऊ दे. घरी आल्यावर देऊ माघारी."

अख्खा रविवार दोघी तेच करत बसल्या. पाळणा, जहाज, आगगाडी. मी आपली उलटी उघडत होते, माझ्या पाठीची शिवण कुरकुरत होती. संध्याकाळपर्यंत भिवराला सगळं पाठ. एकदाही चुकली न्हाई. हे मी स्वतः बघितलंय, म्हणून सांगते.

सोमवारी सगळे देवळात गेले. आश्रुबा खांबाला टेकून उभा. दगडाबाई पायरीवर. चतुराबाई ओसरीच्या कडेला, पदर सावरून, मान खाली. चंद्रभान येऊन गेला तवापासून ती अशी झाली होती. दोन दिवसांआधी हीच बाई गावभर सांगत फिरत होती, माझी लेक वाघाचे पट्टे मोजती म्हणून.

मास्तरनं मला बघितलं, पाळण्याची बाजू वर करून भिवराच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "उघड बाई. काय हाय ते सांग मला."

बारा पोरं बघायली. भिवराचा अंगठा माझ्या कडेला आला. बरोबर पाळण्याच्या बाजूला, जसं रविवारी शिकवलं तसं. जिल्द थोडी उचलली गेली, आतला पाळणा दिसला. आणि ती थांबली. तिनं मान वळवून माईकडं बघितलं. माय जमिनीकडं बघत होती. मग भिवरानं जिल्द बंद केली, मला पालथी घातली आणि हत्तीकडून उघडली.

मास्तर म्हणाले, "अगं, उलटी धरलीस."

आश्रुबानं खांब सोडला. शेळ्यांचा इचार त्याच्या तोंडावर आलाच.

तेवढ्यात ओसरीच्या कडेवरून चतुराबाई बोलली, "चूक माझी हाय, मास्तर. मला अक्षर येत न्हाई. शिक्का बघून म्या तोंड ठरवलं. तिला बोल लावू नका. ती माझ्यासारखं शिकली."

मास्तर लेकीकडं वळले. भिवराला म्हणाले, "सांग."

आणि भिवरानं सांगितली. हत्ती, मोर, वाघ, सगळी. शिट्टी पण मारली, अगदी आजीसारखी. पायरीवर दगडाबाईनं गुडघ्यावर हात मारला. बारा पोरं मास्तरला न भिता हसली.

गोष्ट संपल्यावर मास्तरनं इचारलं, "हत्तीनं घंटी माघारी का घेतली न्हाई?"

"लेकरू झोपलं होतं."

"मग उठवायचं."

"दमून झोपलं होतं," भिवरा म्हणाली. "मोठ्यांनी उठवायचं नसतं."

मास्तरनं मला मिटलं, दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं आणि आश्रुबाकडं वळले. "बाजू मी दोन दिवसांत शिकवतो. हे बाकीचं मला न्हाई शिकवता यायचं. ते घरी झालंय. आजच बसू दे."

"आजच?" आश्रुबा म्हणाला. "आणि शेळ्या?"

"माझे गुडघे काय मसणात गेलेत?" दगडाबाई पायरीवरून म्हणाली. "चल, मी जाते."

दुपारी शाळा सुटल्यावर चतुराबाई लेकीला न्यायला आली. मी तिच्या काखेत, भिवरा तिच्या बोटाला. थोडं चालल्यावर तिनं इचारलं, "काल एवढं शिकवलं, मग तिकडून का उघडलीस गं?"

"इसरले, माय," भिवरा म्हणाली.

"खुळी," चतुराबाई म्हणाली, आणि मला काखेत जरा घट्ट धरलं. सकाळपासून खाली असलेली तिची मान तवा कुठं वर आली.

पुढं भिवरा लय शिकली, डावीकडूनही आणि उजवीकडूनही. तिच्या पुस्तकांच्या पेटीत मी सगळ्यात तळाला गेले. कधी कधी वर्षभर कुणी उघडत न्हाई मला. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, माझ्याजवळ एक गोष्ट हाय जी चतुराबाईला कधीच कळली न्हाई, आश्रुबाला न्हाई, मास्तरला न्हाई. भिवरा इसरली नव्हती. तो अंगठा माझ्या कडेवर होता ना, म्हणून मला ठाऊक हाय.

एका बाजूला शाळा होती, दुसऱ्या बाजूला माय मान खाली घालून बसलेली. आणि मास्तर काय म्हणतील हे तवा कुणालाच माहीत नव्हतं. आता तुमी सांगा, मी तुमच्या मांडीवर असते तर तुमी मला कोणीकडून उघडलं असतं?