प्रोकोपची पिवळी ज्योत

सपाट म्हणजे किती सपाट, एका गावच्या धान्यकोठाराची सावली दुसऱ्या गावात पडावी असा सस्काचेवनचा मुलूख. तिथे एक होता प्रोकोप, एक होती त्याची बायको पारास्का, एक त्यांची लेक ओरिसिया. आणि घराच्या पोटात, तळघरात, चौथी होते मी. मी त्यांची भट्टी बोलतेय. गॅस पिऊन हवा तापवायची आणि पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पाठवायची, हा माझा जन्माचा धंदा.

मला आणलं त्या दिवशी प्रोकोपने आपल्या हाताने माझी ज्योत पेटवली. निळी, जवसाच्या फुलासारखी. "बघ गं, हिचे डोळे तुझ्यासारखे आहेत," म्हणाला. "चहाटळपणा पुरे," पारास्का म्हणाली, पण ओले हातमोजे माझ्याच अंगावर वाळत घातले. तिथून मी घरची झाले. शेजारी आंबवलेल्या कोबीचं पिंप, डोक्यावर लसणाच्या वेण्या. आणखी काय हवं?

दर शरदात प्रोकोप माझी धुळीची जाळी बदलायचा आणि पेन्सिलीने माझ्या पत्र्यावर तारीख टाकायचा. गुदगुल्या व्हायच्या. शेवटच्या वर्षी तो खोकत खोकत आला. त्या वेळी पेन्सिल बराच वेळ चालली. मला काही वाचता येत नाही. पारास्कालाही नाही, नऊ भावंडांत थोरली, शाळा तिच्या वाट्याला आलीच नाही. तिला आकडे तेवढे कळायचे. ती म्हणाली, "तारखा झाल्या वाटतं टाकून?" तो नुसता हसला.

त्यानंतर तो खाली आला नाही. चार शरद गेले, जाळी तीच, तारीख नवी नाही. त्या हाताची वाट बघता बघता माझ्या पोटाचा पत्रा चिरला, आणि विषारी हवा चिरेतून घरात झिरपू लागली.

मी सांगायचं तेवढं सांगितलं हो. पेटताना दणका दिला, तर पारास्का म्हणाली, "प्रोकोपही उठताना असाच कण्हायचा." तोंडाशी काजळी ओकले, तिने फडक्याने पुसली. खिडक्यांना घाम फुटला, तोही पुसला. भिंतीवरची विषारी हवेची घंटी सेल संपत आल्याने टिवटिव करू लागली, तर हिने सेल काढले आणि रेडिओत घातले!

आणि माझी ज्योत पिवळी झाली. नेमकी तीच तिला आवडली. मेणबत्तीसारखी हलते ना! आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी गेलेल्या माणसाचं ताट मांडतात, शेजारी मेणबत्ती लावतात. पारास्काला वाटलं, ही प्रोकोपने तिच्यासाठी लावलीय. रोज स्टूल घेऊन समोर बसायची, बोलायची. डोकं ठणकायचं तरी बसायची. तिचा सहवास मला हवा होता, आणि माझाच श्वास तिला मारत होता. हे दुःख कुणाला सांगू?

सहा जानेवारीला, म्हणजे आमच्या जुन्या पंचांगाने नाताळच्या आदल्या दिवशी, ओरिसिया एडमंटन शहराहून आली. बारा पदार्थ झाले, मध-खसखस घातलेली गव्हाची खीर झाली, प्रोकोपचं ताट मांडलं. जेवायला बसायची खूण असलेली पहिली चांदणी दिसायच्या आत लेकीने कपाळ धरलं.

"आई, माझं डोकं का गं चढलं?"

"माझं रोजच चढतं. चर्चमध्ये बायकांबरोबर पिरोह्यांच्या करंज्या भरायला गेले की उतरतं. चहाड्यांसारखं औषध नाही. चल खाली, तुझ्या बापाने दिवा लावलाय तो दाखवते."

ओरिसिया माझ्यापुढे वाकली, आणि लसणाची वेणी बाजूला करून पत्र्याकडे बघतच राहिली.

"आई, हे तुला कुणी वाचून दाखवलं का?"

"तारखा आहेत त्या."

"तारखांच्या खाली आहे, ऐक. 'पारास्का, ज्योत पिवळी दिसली की लगेच बंद कर आणि घराबाहेर पड. हट्ट करू नकोस.'"

पारास्का स्टुलावर बसली. "आजच्या दिवशी त्याला अंधारात बसवू?"

"बाबांनीच लिहिलंय, आई. मी तुला वाचून दाखवेन म्हणून."

ती स्टुलावरून उठली. मग डोळे पुसत म्हणाली, "मेल्यावरही हुकूम सोडतोय मेला!" आणि स्वतःच्या हाताने माझं बटण बंद केलं. खिडक्या सताड उघडून दोघी शेजारच्या अगाफियाकडे गेल्या, खीर आणि प्रोकोपचं ताट घेऊन.

सकाळी मिस्त्री ओलेक्सा आला, आरसा घालून त्याने माझ्या पोटातली चीर दाखवली.

"टाका घालता येत नाही का रे?"

"पारास्का मावशी, पत्रा आहे हा. पिरोहा नाही, चिमटून बंद करायला."

आता मी ओलेक्साच्या अंगणात बर्फाखाली आहे. कुशीत चौकोनी भोक आहे, कारण तारखांचा पत्रा पारास्काने कापून घेतला, नव्या भट्टीच्या अंगावर लावला. पोरगी बरी आहे म्हणे, ज्योत निळी. ओरिसियाने वसंतापर्यंत राहून आईला अक्षरं शिकवली. यंदाच्या शरदात जाळी बदलली, आणि तारखेखाली पारास्काने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. ओलेक्सा बायकोला सांगत होता, म्हणून कळलं.

बायांनो, बाबांनो, आपल्या भट्टीची ज्योत एकदा वाकून बघा. पिवळी असेल तर तिच्याशी बोलत बसू नका. माझ्या पारास्काचं डोकं उतरलं, लेक दर महिन्याला घरी येते, घर उबदार आहे. तसंच तुमचंही राहो.