दोन बोटांची वाढ

“वाढली! पोरगी वाढली!”

बंद पडलेल्या सिनेमागृहात एकच गलका झाला. मागची माणसं खुर्च्यांवर चढून माना उंचावून बघत होती. पडद्यापुढच्या ओट्यावर चार वर्षांची गुंडी भिंतीला टेकून उभी होती. दोरीबुवांनी घमेल्यातली दोरी पिळून काढली आणि तिच्या टाचेपासून वर धरली, तर ती कपाळातच संपली. पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांच्या देखत हीच दोरी टाळूपर्यंत मोजून, तिथेच कापून गाठ मारली होती. आज ती चांगली दोन बोटं कमी पडत होती.

“दोरी लबाडी करते का?” बुवांनी विचारलं.

“नाही!”

“दोरीला डिग्री नाही, दोरीला दवाखाना चालवायचा नाही. दोरी भोळी! अहो, मुलांचा साखरेचा रोग म्हणजे आहे तरी काय? नाडी आखडते. नाडी आखडली की साखर तुंबते आणि पोर खुंटतं. मंतरलेल्या पाण्यात दोरी भिजली की नाडी सुटते. पोर वाढलं म्हणजे रोग गेला!”

नाडी आखडते हे ऐकून निदान गुंडीच्या बापाला तरी पायजमा आठवायला हवा होता. तो शिंपी होता. पण त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. शेजारी त्याची आई हात जोडून बसली होती, आणि बायको पोरीकडे टक लावून बघत होती.

“अहो, ही उभ्या उभ्या झोपतेय,” बायको हळूच म्हणाली.

“दमली असेल. गर्दी किती आहे!” शिंप्याने तिला गप्प केलं.

त्याला दोष तरी किती द्यायचा! तीन महिन्यांपूर्वी पोर घटाघटा पाणी प्यायला लागली, अंथरूण ओलं करायला लागली, खाऊनपिऊन वाळत गेली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद होत आलंय. यात तुमची काही चूक नाही, गोड खाल्ल्यानेही हे होत नाही. पण सुई रोज लागणार, जन्मभर.” सुई हे शिंप्याचं पोट. तीच पोरीच्या दंडात खुपसायची वेळ आली की तो बायकोला हाक मारायचा.

मग दोन महिन्यांनी डोस उतरला, अगदी थेंबावर आला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “याला बरं होणं समजू नका. शरीरात उरलंसुरलं आहे ते थोडे दिवस काम करतंय. ही नुसती उसंत आहे. सुई थांबवायची नाही.” घरी येईपर्यंत आजीने त्यातलं ‘बरं’ तेवढं उचललं, आणि पुढच्याच आठवड्यात सगळे दोरीबुवांच्या ओट्यापुढे उभे राहिले.

बुवांची अट एकच होती. सुई बंद, आणि घरात कुठलंही मोजमाप नाही. वजनकाटा नाही, रक्त तपासणं नाही, फीतसुद्धा नाही. मोजणाऱ्याची नजर वाढीला लागते म्हणे! शिंप्याने आत जाताना गळ्यातली फीत काढून खिशात कोंबली. दिवसाकाठी वीस माणसांची मापं घेणारा हा गडी स्वतःच्या पोरीला फीत लावायला घाबरला.

दोरी मोजली तेव्हाच सुई थांबली होती. दहाव्या दिवसापासून गुंडी पुन्हा तांब्या सोडेना. “विष बाहेर पडतंय,” आजी म्हणाली. “बुवा म्हणालेच होते.”

‘चमत्कारा’नंतर दोन दिवसांनी बालवाडीतल्या बाई दुकानात आल्या. हातात गुंडीचा वाढीचा तक्ता होता.

“मास्तर, पोरगी काल खेळता खेळता आडवी झाली. मी तिला काट्यावर उभं केलं. दोन किलो उतरलीय.”

“उतरेल हो थोडी. उंची वाढली ना! दोन बोटं! सगळ्यांनी बघितलंय.”

“उंचीही घेतली मी. गेल्या महिन्यात अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर होती. कालही अठ्ठ्याण्णव.”

“मग तुमची पट्टी चुकली असेल.” शिंपी चिडला. “दोरी काय खोटं बोलेल?”

बाईंनी तक्ता शिलाई मशिनवर ठेवला. “दोरी कसली होती?”

“सुती. कोरी.”

“आणि पंधरा दिवस कुठे होती?”

“बुवांच्या घमेल्यात. कढत पाण्यात टाकली होती, आमच्यासमोर.”

“मास्तर, कोरं सुती कापड बेतायच्या आधी तुम्ही काय करता?”

“काय करायचं! भिजवतो. नाही तर पहिल्या धुण्यातच ते आ...”

आटतं, हा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडला नाही. वीस वर्षं येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने हेच ऐकवलं होतं. पोरगी वाढली नव्हती. दोरी आटली होती.

तो अनवाणी घरी पळाला. गुंडी खाटेवर पडली होती. धाप लागल्यासारखा खोल, भराभर श्वास चालला होता, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. बायको तिच्या ओठांना पाण्याचं बोट लावत होती.

“उचल तिला,” तो ओरडला.

“अरे, दवाखान्यात नेलंस तर दोरीचा गुण जाईल!” आजी दारात आडवी आली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आईला हाताने बाजूला केलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नळ्या लावल्या, इन्सुलिन सुरू केलं, रात्रंदिवस ये-जा केली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मेंदूला सूज आलीय.” तिसऱ्या दिवशी दुपारी गुंडी गेली. तिची आई रडली नाही. शिंप्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, “मी सांगत होते तुम्हाला.”

आठवड्याने शिंपी सिनेमागृहात शिरला. एका हातात लाकडी खुर्ची, दुसऱ्यात ऊन पाण्याची बादली, खांद्यावर कोऱ्या सुती दोरीचं बंडल. बालवाडीतल्या बाई सोबत होत्या. त्याने पुढच्या रांगेतल्या दोघांकडून खुर्चीची पाठ जमिनीपासून मोजून घेतली, दोरी कापली, गाठ मारली, बादलीत टाकली. बुवा गालातल्या गालात हसत बसले होते. तासाभराने त्याच दोघांनी दोरी पुन्हा लावली. बोटभर कमी भरली.

“लाकूड कधी वाढतं का?” शिंपी ओरडला. “दोरी आटते! सुती दोरी पाण्यात आटते, बाबांनो! ती आणखी पंधरा दिवस ठेवा, आणखी आटेल. माझी पोर याच्यात गेली!”

सगळे पुढे सरकून दोरीकडे बघू लागले. क्षणभर बाईंना वाटलं, लोकांना पटलं.

बुवा सावकाश उठले. “बघितलंत? पाणी मी मंतरलंही नव्हतं. नुसत्या या जागेच्या प्रभावाने लाकडाला वाढ फुटली!”

आणि टाळ्या पडल्या. काय बोलायचं या लोकांपुढे! पुढच्या रांगेतल्या त्या दोघांनी खुर्चीला हात लावून नमस्कारसुद्धा केला.

रांगेत एक बाई हडकुळ्या मुलाला कडेवर घेऊन उभी होती. मूल बाटलीने घटाघटा पाणी पीत होतं. शिंपी तिच्यापाशी गेला.

“ताई, याची सुई चालू आहे ना?”

“कालपासून बंद केली.”

“आजच्या आज सुरू करा. तुमच्या पाया पडतो.”

“तुमची गेली म्हणून माझ्याला जन्मभर टोचत बसू?” तिने मुलाचं तोंड पदरात घेतलं आणि ती पुढे सरकली.

बालवाडीतल्या बाईंनी शिंप्याचा दंड धरला, पण तो हलला नाही. तिच्या पाठीकडे बघून तो बोलत राहिला. ओरडणं आता थांबलं होतं. “ताई, मूल सारखं पाणी मागतं, सारखी लघवी करतं, खाऊनही वाळतं, तर दवाखान्यात न्या. रक्त तपासा. सुई थांबवू नका. सुई चालू असली की ही मुलं वाढतात, शाळेत जातात, मोठी होतात. कुणी म्हणालं, गुण आला, तर घरी नेऊन स्वतःच्या हाताने मोजा. मी शिंपी आहे, ताई. साऱ्या गावाला फीत लावली, आणि माझ्या पोरीला नाही लावली.”