बुवांच्या पाठीमागची भिंत

रोमन थिएटर म्हणजे काय, हे आमच्या चाळीला मीच समजावून सांगितलं होतं. त्यामुळे पहिला राग माझा माझ्यावरच आहे.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ होती. चाळीत दत्ताचं देऊळ, देवळापुढे लाकडी छताचा मंडप, आणि मंडपाच्या टोकाला काळ्या दगडाची भिंत. त्या भिंतीकडे पाठ करून काशीरामबुवा एक्कावन्न वर्षं कीर्तन करत आले. गिरणी चालू होती तेव्हा पाळी सुटली की अंघोळ करून थेट गादीवर उभे राहायचे. माईक कधी घेतला नाही. "देवाशी बोलताना मधे तार कशाक?" म्हणायचे. सोनूबाई बाजारात मासे विकून यायची, अंगाला वास येतो म्हणून मुद्दाम शेवटच्या रांगेत नळापाशी बसायची. तिलाही शब्द न् शब्द पोचायचा.

चाळ पाडायची ठरली तेव्हा आम्ही एकच हट्ट धरला. खोल्या कशाही द्या, पण कीर्तनाला जागा द्या. बिल्डरच्या माणसांनी रंगीत चित्र पुढे केलं. अर्धगोल पायऱ्या, खाली मोकळी गोल जागा, उंच खांब. खाली नाव, 'रोमन ॲम्फीथिएटर'.

मी महापालिकेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. लगेच म्हटलं, "नाव चुकलंय तुमचं. ॲम्फीथिएटर पूर्ण गोल असतं, तिथे माणसं आणि जनावरं झुंजवायचे. हे अर्धगोल, म्हणजे थिएटर." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मग मी सुटलेच. दोन हजार वर्षांपूर्वी हजारो माणसं बसायची, नटाचा आवाज वरच्या पायरीपर्यंत जायचा, माईक नाही, काही नाही.

"उत्तराबाईंनी सांगितलं ना, मग झालं," असं म्हणत लोकांनी सह्या केल्या. नावातली चूक मला दिसली. चित्रात भिंत नव्हती, ती दिसली नाही.

चार वर्षांनी आम्ही परत आलो. मागे आमची बुटकी इमारत, पुढे विकायचा बावीस मजली टॉवर, आणि टॉवरच्या भिंतीला टेकून त्या पायऱ्या. पायऱ्यांवर बसलं की समोर सहा खांब आणि त्यांच्यामागे मोकळा डोंगर. सहांतले दोन खांब अर्ध्यात तुटलेले. मुद्दाम तसेच बनवून आणलेले.

सोनूबाईने एका खांबावर टिचकी मारली. आतून पोकळ, डब्यासारखा वाजला.

"मोडका खांब नवा मिळतो होय गो?" ती म्हणाली. "आपल्या चाळीत चार होते. फुकट दिले असते."

दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला. संकुलाच्या कमिटीचे चेअरमन चंद्रप्रकाशजी टॉवरमध्ये राहतात. बोलायला गोड माणूस. म्हणाले, "पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या या गच्चीवर, स्पीकर चालणार नाही, नियम आहे. आवाज पोचला तर दरवर्षी करा. नाही पोचला तर पुढच्या वर्षीपासून खाली पार्किंगमध्ये, स्पीकर लावून करा. यात कुणाचा अपमान नाही."

बुवा शांतपणे म्हणाले, "पार्किंगात मी नारदाची गादी मांडूचंय नाय. नाय पोचलो आवाज, तर माझा कीर्तन थांबला."

पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला खांबांच्या पुढ्यात गादी घातली. तसं बघायला गेलं तर एक साधी सतरंजी, पण तिच्यावर चप्पल घालून कुणी पाय ठेवत नाही. टॉवरमधली मंडळी पायऱ्यांवर आरामात बसली, पाय खाली सोडून, बूट थेट गादीकडे. आमच्या बायका मांडी घालायला गेल्या, तर पायरी वीतभर अरुंद. सोनूबाई सवयीने सगळ्यात वरच्या पायरीवर. मी तिला सांगून ठेवलं होतं, ऐकू आलं की हात वर कर.

बुवांनी नमन केलं, अभंग लावला. तबला आला, पेटी आली. बुवांचा आवाज मात्र खांबांमधून मागे डोंगराकडे निघून गेला. तिसऱ्या पायरीवर मला तुटक शब्द येत होते. पूर्वरंगभर मी वळून वळून वर बघत राहिले. सोनूबाईचे दोन्ही हात मांडीवर होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस गळ्याच्या शिरा ताणत होता आणि वरच्या पायऱ्यांवर मोबाईल निघाले होते.

माझं टाळकं तेव्हा सटकलं.

पूर्वरंग संपला. बुवांना हार घालायची वेळ झाली, तेवढाच काय तो थांबा. ही जागा जिने आखली ती रुचिका फोटो काढायला आली होती, लेकीच्या वयाची. मी तिला गाठलं.

"मागची भिंत कुठे आहे?"

"कुठली भिंत, मॅडम?"

"रोमन थिएटरला नटाच्या मागे भिंत असते. दोन-तीन मजली, दगडी. आवाज तिच्यावर आपटून लोकांकडे येतो. तू कशावरून काढलंस हे?"

तिने मोबाईलवर फोटो दाखवला. कुठल्यातरी परदेशी टेकडीवरचं पडकं थिएटर. पायऱ्या शाबूत, पुढे चार मोडके खांब आणि आकाश.

"अगं, हे पडलेलं आहे," मी म्हटलं. "पायऱ्या टेकडीला टेकून होत्या म्हणून राहिल्या. भिंत पडली, तिचे घडीव दगड लोकांनी घरांना नेले. तू थिएटर नाही बांधलंस. त्याची पडझड बांधलीस."

ती गोरीमोरी झाली. मग हळूच म्हणाली, "मी भिंत दाखवली होती पहिल्या ड्रॉइंगमध्ये. बिल्डर म्हणाले, व्ह्यू जातो. डोंगर दिसायला हवा."

म्हणजे डोंगर दिसावा म्हणून आमचे बुवा ऐकू यायचे नाहीत. त्या पोकळ खांबाला लाथ घालावी असं वाटलं. समोर हार घातलेले बुवा उभे होते, म्हणून पाय आवरला. नजर आवरली नाही. ती खांबांवरून पायऱ्यांवर गेली, पायऱ्यांवरून वर, टॉवरच्या त्या उभ्या, बिनखिडकीच्या काँक्रीटवर.

चपला तर मी आधीच काढल्या होत्या. बुवांपाशी जाऊन वाकले. "बुवा, गादी हलवू?"

"खंय?"

मी बोट दाखवलं. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, वरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि हसले. "हलय."

गादी उचलून मी मधोमध दुसऱ्या पायरीवर घातली. आमच्या लोकांना सांगायची गरज पडली नाही. सतरंज्या घेऊन सगळे खाली गोलात आणि खांबांमध्ये बसले, मांडी घालून, तोंड टॉवरकडे. बुवा डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. टॉवरची मंडळी त्यांच्या पाठीमागे राहिली.

"हे काय उत्तराजी?" चंद्रप्रकाशजी वरून म्हणाले. "आमच्याकडे पाठ?"

"खाली या ना. जागा आहे. बूट तेवढे तिकडेच ठेवा."

"स्टेज त्या बाजूला आहे."

"होतं," मी म्हटलं.

उत्तररंग सुरू झाला. पहिलाच शब्द असा आला की पेटीवाल्याने मान वर केली. मागे अर्धगोल पायऱ्या आणि त्यांच्यावर बावीस मजले काँक्रीट. त्यांचाच टॉवर आमची मागची भिंत झाला होता. सोनूबाई आता तुटक्या खांबाच्याही पलीकडे, अगदी पोडियमच्या कठड्यापाशी बसली होती, वासाचं तिचं जुनं कारण सांभाळून. तिने एक हात वर केला. मग दुसराही केला, आणि आरतीपर्यंत खालीच घेतला नाही.

चंद्रप्रकाशजींची बायको बूट हातात घेऊन खाली आली आणि आमच्यात बसली. ते स्वतः वरच राहिले. पण आरती झाल्यावर कठड्यापाशी गेले आणि सोनूबाईला विचारलं, "नीट ऐकू आलं?"

"तुमी काय म्हणताय ते पण ऐकू आलं वरून," ती म्हणाली. "स्टेज त्या बाजूला, म्हणे."

ते ओशाळून हसले. म्हणाले, पार्किंगचं राहू द्या, इथेच करा दरवर्षी.

मी बुवांच्या पाया पडले. त्यांनी कपाळाला बुक्का लावला. "आता राग दत्ताच्या पायाशी ठेव गो."

"ठेवते," मी म्हटलं. "पण आधी त्यांना भिंत बांधू दे. म्हणजे मग तुम्हाला पायरीवर तोल सांभाळत उभं राहायला नको."

बुवा तबलजीकडे वळून म्हणाले, "ह्या बायेक पुढच्या वर्षी पूर्वरंगाक उभी करा रे. हिका माईक नको."