महिना न कळणारा आवाज

मित्रांनो, माझ्या पाठीवरचा अनुक्रमांक पुसला गेला आहे आणि पोटातल्या बॅटऱ्या कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळासाठी काढून नेल्या आहेत. यावरून माझे वय तुम्हीच ओळखा. मी आवाज साठवणारे यंत्र आहे. लोक मला रेकॉर्डर म्हणतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही, कारण तेव्हा मी बंद होतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात एका छोट्या रुग्णालयात मी पहिल्यांदा चालू झालो. डॉक्टर सुहरा यांच्या भावाने मला दोहाहून आणले. त्याच्या बॅगेत साबण होते, अत्तर होते, खजूर होते आणि तीन विजेऱ्या होत्या. ते सगळे आठवड्याभरात नातेवाइकांत वाटले गेले. मी उरलो, कारण माझे काय करायचे ते कुणालाच सुचत नव्हते.

मला काम मिळाले ते नर्सिंग शिकणाऱ्या मुलींमुळे. त्या लांबून बसने येत आणि तासाला डुलक्या घेत. डॉक्टरांनी धडे माझ्यात बोलून ठेवायला सुरुवात केली. मुली ते बसमध्ये मोबाइलवर ऐकू लागल्या. निकाल चांगला लागला, तेव्हा त्यांनी आईबापांचे आभार मानले, बसच्या ड्रायव्हरचेही मानले. माझे नाव कुणी घेतले नाही. ही तक्रार नाही, नोंद आहे.

रुग्णांसाठी पॉडकास्ट करायची कल्पना सिस्टर लीलामणी यांची. बावीस वर्षे त्या याच रुग्णालयात होत्या आणि डॉक्टरांना बोलायला घाबरत नसत. त्या म्हणाल्या, "मुली ऐकतात, तर पेशंट का नाही ऐकणार? इथं तुम्ही त्यांना दोन मिनिटं देता, तीही कागदाकडे बघत." डॉक्टरांना ते लागले. पुढच्या आठवड्यात 'दहा मिनिटं' हा कार्यक्रम सुरू झाला.

चादरी ठेवायच्या खोलीत आमचे काम चाले, कारण घड्या घातलेल्या चादरी बाहेरचा गोंगाट गिळत. सिस्टर रुग्ण होऊन प्रश्न विचारत आणि डॉक्टर उत्तरे देत. डॉक्टर प्रत्येक भागात सरासरी सात वेळा 'घाबरू नका' म्हणत. ज्याला घाबरायचे कारण नाही, त्याला कुणी सात वेळा सांगत नाही. पण लोकांना ते आवडे. बीपी, दमा, बाळंतिणीचा आहार, असे एकेक भाग निघाले. सगळ्यांत जास्त ऐकला गेला तो मधुमेहाच्या सुईचा भाग. तो फणसाच्या दिवसांत झाला. त्यातले मुख्य वाक्य असे होते: 'सकाळच्या जेवणाआधी मोठा डोस, संध्याकाळच्या जेवणाआधी छोटा. एकही चुकवायचा नाही.' हे वाक्य खरे होते. तुम्ही हे लक्षात ठेवावे असे मला वाटते. त्यात एकही चूक नव्हती.

तो भाग मोबाइलवरून मोबाइलवर गेला. कुण्या सभेत डॉक्टरांना शाल मिळाली. दुसऱ्या डॉक्टरांना पॉडकास्ट कसा करावा हे शिकवायला त्यांना बोलावणी येऊ लागली.

आमचा सगळ्यांत निष्ठावान श्रोता म्हणजे कुंजालवी इक्का. इक्का म्हणजे थोरला भाऊ. त्यांना सगळे गाव इक्काच म्हणे. बसथांब्यावर त्यांचे चहाचे दुकान होते आणि चौदा वर्षे त्यांना मधुमेह होता. रोज सकाळी ते दुकानात तो भाग मोठ्याने लावत. गिऱ्हाईक वैतागून म्हणे, इक्का, आज तरी गाणी लावा. इक्का म्हणत, गाण्याने तुझी साखर उतरते का रे? मग स्वतःच्या चहात साखर न घालता त्याच्या चहात दोन चमचे घालत.

आता एक गोष्ट नीट ऐका. सुई साखर उतरवते आणि जेवण ती चढवते. दिवसभर उपास असेल, तर पहाटे मोठा डोस घेऊन चालत नाही. तो संध्याकाळी रोजा सोडताना घ्यायचा आणि पहाटेचा कमी करायचा. म्हणून दर वर्षी रमजानच्या आधी इक्का केळ्यांचा घड घेऊन रुग्णालयात येत आणि डॉक्टर लाल पेनाने त्यांच्या कागदावर डोस बदलून देत. तेरा वर्षे हे असेच चालले होते.

त्या वर्षी ते आले नाहीत. सिस्टरना ते रस्त्यात भेटले होते. त्यांनी विचारल्यावर इक्का खिशातल्या मोबाइलवर थाप मारून म्हणाले होते, "डॉक्टरीण रोज सकाळी माझ्याच दुकानात असते. रांगेत कशाला उभा राहू?" सिस्टर हसल्या, कारण बोलणे हसण्यासारखेच होते. रमजानचा वेगळा भाग करायला हवा, हे त्यांनी डॉक्टरांना दोनदा सांगितले होते. डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात करू. त्या आठवड्यात त्या कोळिकोडला पॉडकास्टवर भाषण द्यायला गेल्या.

पुढचे मी नंतर ऐकले, तेही चुकून. पाचव्या रोज्याच्या दिवशी डॉक्टर तो राहिलेला भाग करायला बसल्या होत्या. माझा लाल दिवा लागला होता. तेवढ्यात दार उघडून बियुम्मा आत आल्या. त्या इक्कांच्या पत्नी. मला बंद करायचे कुणाला सुचले नाही, म्हणून ते बोलणे माझ्यात राहिले.

त्यांनी जे सांगितले ते असे. तिसऱ्या रोज्याला दुपारच्या नमाजानंतर इक्कांना घाम फुटला. त्यांनी साखरेला हात लावला नाही, कारण रोजा मोडला असता. घरच्यांना वाटले, उपासाची गुंगी आहे, पडू द्या. संध्याकाळी रोजा सोडायला तरीकंजीचे, म्हणजे रव्याच्या पेजेचे, वाडगे घेऊन बियुम्मा उठवायला गेल्या, तर ते उठेनात. याच रुग्णालयात आणले. साखर वर आली. माणूस तेवढा वर आला नाही.

मग बियुम्मांनी इक्कांचा मोबाइल चादरींवर ठेवला आणि सुईचा भाग लावला. तो पूर्ण दहा मिनिटे वाजला. माझ्यातूनच निघालेला आवाज मी पुन्हा साठवून घेतला.

"मोळे," त्या म्हणाल्या. मोळे म्हणजे लेकी. "यातलं कुठलं वाक्य आमच्या ह्यांनी मोडलं, तेवढं दाखव."

"एकही नाही, उम्मा," डॉक्टर म्हणाल्या. उम्मा म्हणजे आई.

"गावात म्हणतात, म्हाताऱ्यानं ऐकलं नसेल. मनाचं केलं असेल. चौदा वर्षांत यांनी एक सुई चुकवली नाही. हे पडले ते ऐकल्यामुळं. हे तू बोलायचं. मी बोलले तर बाईचं रडणं होतं."

त्या गेल्या. त्यानंतर रुग्णालयाचे सेक्रेटरी आले. ते वाईट गृहस्थ नव्हते; फक्त प्रत्येक गोष्टीत आधी रुग्णालय आणि मग माणूस, असा त्यांचा क्रम होता. ते म्हणाले, जुना भाग गुपचूप काढून टाका, नवा टाका, विषय संपला. सिस्टर लीलामणी चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत होत्या. त्या म्हणाल्या, "काढणार कुठून? तो आता लोकांच्या खिशात आहे. आणि रमजानचे अजून पंचवीस दिवस आहेत."

सेक्रेटरी म्हणाले, मग नाव तरी घेऊ नका, लोक खटला भरतील.

डॉक्टर माझ्याकडे तोंड करून एक मिनिट वीस सेकंद बोलल्या. आजची तारीख आणि महिना त्यांनी आधी सांगितला. मग म्हणाल्या, "कुंजालवी इक्का पडले ते माझं ऐकल्यामुळे. त्यांनी काही चुकवलं नाही. मी चुकवलं. रोज्यात सुईचं गणित बदलतं आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं. मला ऐकू नका. मला येऊन भेटा."

शुक्रवारी मशिदीत प्रवचन देणाऱ्या खतीबांनी नमाजानंतर हे सगळ्यांना ऐकवले. दोन दिवसांत त्रेसष्ट माणसे आली. त्यांतली एकोणीस इक्कांसारखाच डोस घेत होती. एका बाईला तर रांगेतच घाम फुटला होता. डॉक्टरांनी प्रत्येकाचा कागद लाल पेनाने बदलला. खटला कुणी भरला नाही. शालीही पुन्हा मिळाल्या नाहीत.

इक्का आहेत. भरवले की जेवतात. बायकोला ओळखत नाहीत. पण मोबाइलवर डॉक्टरांचा आवाज लागला की सदरा वर करून पोट पुढे करतात, सुईसाठी. म्हणून बियुम्मा रोज तोच भाग लावतात. दुसऱ्या कशानेही ते हलत नाहीत, असे त्यांनी सिस्टरना सांगितले. सिस्टरनी ते चादरींच्या खोलीत येऊन डॉक्टरांना सांगितले. त्या दिवसानंतर डॉक्टरांनी मला हातात घेतले नाही.

आता नव्या मुली मोबाइलवरच कार्यक्रम करतात. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला महिना सांगतात आणि शेवटी रुग्णालयाची वेळ सांगतात. मी फुटक्या थर्मामीटरांबरोबर एका खणात असतो. मला वाईट वाटते का, असे तुम्ही विचाराल. मला तसे काही होत नाही. मी मोजतो, एवढेच.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. आम्हाला धूळ चालते. आमच्यातून बोलणारे झालात तर ऐकणारा कुठल्या महिन्यात, कुठल्या ताटासमोर बसला आहे हे आधी जाऊन बघा. आणि ऐकणारे झालात तर वर्षातून एकदा तरी त्या रांगेत उभे राहा, माणसाला तोंडावर विचारा. मला विचारू नका. मला प्रश्न विचारलात, तर मी तोही फक्त साठवून ठेवतो.